भाऊजींचा रक्तदाब कोणी मोजला आहे का?

सांगलीहून एका भगिनींचे दीर्घ पत्र आले आहे. त्याचा गाभा त्यांच्याच शब्दांत असा:

“माझे सासरे बावन्नाव्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले. ते अतिशय तापट होते. दिवसाला दोन बंडल बिड्या ओढत. माझे यजमान 49 वर्षांचे असून माध्यमिक शाळेत शिक्षक आहेत. ते कधी आवाज चढवत नाहीत. पण एखादी गोष्ट लागली की चार-चार दिवस मनात घोळवतात, रात्री कूस बदलत पडून राहतात. धाकटे भाऊजी हळदीच्या अडतीच्या व्यवसायात आहेत. ते सासऱ्यांवर गेले आहेत. हमालांवर, मुलांवर, माझ्या जावेवर ओरडतात आणि दहा मिनिटांत चहा मागतात. गेल्या महिन्यात शाळेतल्या आरोग्य शिबिरात यजमानांचा रक्तदाब 152/94 निघाला. तेव्हापासून घरात सगळे एकच म्हणतात, की भाऊजी बोलून मोकळे होतात म्हणून त्यांना काही होत नाही, आणि हे मनात ठेवतात म्हणून ह्यांना बीपी झाला. माणसाच्या स्वभावाचा हृदयावर खरोखर परिणाम होतो का? यजमानांनी राग बाहेर काढायला शिकावे का? मी स्वतः मात्र दगड झाले आहे. पूर्वी जरा काही झाले की छातीत धडधडायचे. हल्ली काहीही झाले तरी काही वाटत नाही. हे चांगलेच म्हणायचे ना?”

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात रक्तदाबाचा आकडा एकच आहे आणि तो यजमानांचा आहे. भाऊजींना काही होत नाही, असे तुम्ही मूळ पत्रात तीन ठिकाणी लिहिले आहे; परंतु त्यांचा रक्तदाब कोणी, कधी, कुठल्या यंत्रावर मोजला याचा उल्लेख एकाही ठिकाणी नाही. ज्याचा रक्तदाब मोजला त्याला बीपी ‘झाला’ आणि ज्याचा मोजला नाही तो धडधाकट ठरला, असे तर तुमच्या घरात झालेले नाही ना, ही शंका मला पत्र वाचताना पहिल्यांदा आली. दुसरी गोष्ट सासऱ्यांची. त्यांच्या रागाचे वर्णन मूळ पत्रात जवळजवळ पानभर आहे आणि बिड्यांचे वाक्य पाच शब्दांचे. घराला राग आठवतो, कारण तो ऐकू येत असे. धूर कोणाच्या आठवणीत राहत नाही. स्वभावाबद्दल मी पुढे जे लिहिणार आहे, ते या दोन गोष्टी ध्यानात ठेवून वाचावे, अशी विनंती आहे.

तुमच्या घरातली समजूत जगात फार जुनी आहे. जॉन हंटर हा अठराव्या शतकातला लंडनचा नामांकित शल्यविशारद छातीच्या कळांनी त्रस्त होता, आणि आपल्याला डिवचणाऱ्या कोणत्याही टवाळखोराच्या हाती आपला जीव आहे, असे तो म्हणत असे. 16 ऑक्टोबर 1793 रोजी सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या बैठकीत कोणाशी तरी वाद झाला, तो तिथून बाहेर पडला आणि कोसळून मरण पावला. अशा गोष्टी विसरता येत नाहीत. मात्र एका माणसाच्या मरणावरून नियम काढता येत नाही, हेही खरे.

नियम काढण्याचा पहिला मोठा प्रयत्न सॅन फ्रान्सिस्कोच्या मेयर फ्रीडमन आणि रे रोझेनमन या दोन हृदयरोगतज्ज्ञांनी केला. सतत घाईत असणारा, चढाओढीत रमणारा, रांगेत उभे राहवत नाही असा आणि चटकन चिडणारा जो माणूस, त्याला त्यांनी 1959 साली ‘टाइप ए’ असे नाव दिले. पुढच्याच वर्षी त्यांनी कॅलिफोर्नियातल्या 39 ते 59 वर्षे वयाच्या 3,154 पुरुषांची नोंद ठेवायला सुरुवात केली, आणि साडेआठ वर्षांच्या नोंदींचा जो निष्कर्ष 1975 साली प्रसिद्ध झाला, त्यात ‘टाइप ए’ पुरुषांना हृदयविकार होण्याचे प्रमाण शांत स्वभावाच्या पुरुषांच्या सुमारे दुप्पट आढळले. हे वर्गीकरण इतके लोकप्रिय झाले की आजही नोकरीच्या मुलाखतीत लोक स्वतःला अभिमानाने ‘टाइप ए’ म्हणवून घेतात. विज्ञानात मात्र त्याची तब्येत लवकरच बिघडली. 1985 साली अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात असा संबंध सापडला नाही. 1988 साली तर कॅलिफोर्नियातल्या त्याच मूळ गटातील हृदयविकार झालेल्या रुग्णांची पुढची वाटचाल तपासली असता, ‘टाइप ए’ रुग्णांचे मृत्यू शांत रुग्णांपेक्षा कमीच निघाले.

यात एक उपकथा आहे आणि ती तुमच्या सासऱ्यांच्या बिड्यांपाशी येऊन पोहोचते. सिगारेट कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रे पुढे न्यायालयीन प्रकरणांमुळे खुली झाली. ती अभ्यासून 2012 साली ब्रिटिश संशोधकांनी दाखवून दिले, की ‘टाइप ए’वरील संशोधनाला तंबाखू उद्योगाने अनेक वर्षे पैसा पुरवला होता. उद्योगाचा हेतू समजायला कठीण नाही. हृदय तापटपणाने बिघडते असे ठरले, तर सिगारेट निर्दोष सुटते. तापट माणूस सिगारेटही ओढतो आणि त्याला हृदयविकारही होतो, पण दोन्हींचे मूळ त्याच्या स्वभावात आहे, असे म्हणायची सोय होते. याचा अर्थ त्या दोन डॉक्टरांनी खोटे लिहिले असा मुळीच नाही. तथापि तुमच्या घरात कोणाकडूनही पैसे न घेता नेमका हाच युक्तिवाद गेली कित्येक वर्षे चालला आहे, एवढे मी नम्रपणे सुचवतो.

‘टाइप ए’च्या पडझडीतून जे टिकले, ते घाई किंवा महत्त्वाकांक्षा नव्हे. टिकला तो राग, आणि त्यातही लोकांविषयीचा कडवट अविश्वास, म्हणजे समोरचा मनुष्य आपल्याला फसवायलाच बसला आहे असे धरून चालण्याची वृत्ती. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात वैद्यक शिकलेल्या हजारांहून अधिक पुरुषांचा अनेक दशके पाठपुरावा झाला. ताण आला की आपला राग उफाळतो असे ज्यांनी विद्यार्थिदशेत सांगितले होते, त्यांना वयाच्या 55 वर्षांच्या आत हृदय-रक्तवाहिन्यांचे आजार होण्याचा धोका इतरांच्या तिप्पट निघाला, असे 2002 साली प्रसिद्ध झाले. अनेक अभ्यास एकत्र करून 2009 साली जो हिशेब मांडला गेला, तो मात्र अधिक संयत आहे: राग आणि वैरभाव यांमुळे निरोगी माणसांत हृदयविकाराचा धोका सुमारे 19 टक्क्यांनी वाढतो. स्वभावाचा परिणाम आहे, पण तो माफक आहे. धूम्रपानाने हाच धोका टक्क्यांत नव्हे, पटीत वाढतो.

आता शरीरात नेमके काय घडते ते पाहू, कारण तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर तिथे आहे.

हृदयाला त्याच्या स्वतःच्या लयीवर सोडले तर ते मिनिटाला साधारण शंभर ठोके देईल. स्वस्थ बसलेल्या माणसाचे ठोके सत्तरच्या आसपास असतात, याचे कारण मेंदूतून निघणारी व्हेगस नावाची नस हृदयावर सतत ब्रेक लावून असते. कोणी अंगावर ओरडले, वर्गात अचानक शिक्षणाधिकारी आले किंवा नुसता नको त्या माणसाचा फोन वाजला, की पहिली गोष्ट घडते ती म्हणजे हा ब्रेक एक-दोन सेकंदांत सैल होतो. त्यापाठोपाठ दुसऱ्या नसांचे जाळे जागे होऊन हृदयाला टाच मारते, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी रक्तात अॅड्रेनॅलिन सोडतात, आणि काही मिनिटांनंतर कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक चढू लागते. रक्तदाब वाढायला दोन वाटा आहेत: हृदयाने जास्त रक्त ढकलणे आणि रक्तवाहिन्यांनी आकसणे. ‘हे मला जमेल’ असे वाटत असताना ताण आला तर हृदय जोरात चालते, पण रक्तवाहिन्या बऱ्यापैकी सैलावतात. ‘आता माझे काही खरे नाही’ असे वाटत असताना आला तर त्या आकसलेल्या राहतात. प्रसंग एकच असला तरी माणूस त्याच्याकडे कसा पाहतो यावर शरीराचा प्रतिसाद बदलतो, आणि स्वभाव इथे पहिल्यांदा आत शिरतो.

प्रयोगशाळेत हे तपासण्याची एक प्रसिद्ध पद्धत 1993 साली जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात तयार झाली. स्वयंसेवकाला चेहऱ्यावरची रेषही न हलवणाऱ्या परीक्षकांपुढे पाच मिनिटे भाषण करायला लावतात, आणि मग 1022 मधून 13 वजा करत करत मागे यायला सांगतात. चूक झाली की पुन्हा 1022 पासून सुरुवात. (आपल्याकडच्या पाढे म्हणून घेणाऱ्या गुरुजींनी ही चाचणी कितीतरी आधी शोधली होती, त्यांनी फक्त रक्तदाब मोजला नाही.) या वेळी कोणाचे ठोके दहाने वाढतात, कोणाचे चाळीसने. पूर्वी संशोधकांचे सगळे लक्ष या शिखरावर होते. नंतर लक्षात आले की शिखराइतकीच उतरण महत्त्वाची आहे: प्रसंग संपल्यावर शरीर किती वेळात मूळ पातळीवर येते. 2010 साली अनेक अभ्यासांचा जो एकत्रित आढावा निघाला, त्यात तणावाला जास्त प्रतिसाद देणे आणि त्यातून सावकाश सावरणे या दोन्हींचा पुढील काळातल्या वाढत्या रक्तदाबाशी संबंध आढळला. शिवाय सवय होण्याचाही भाग आहे. तोच प्रसंग पुन्हा पुन्हा आला की बहुतेकांचे हृदय दर वेळी थोडे कमी उसळते. काहींचे दहाव्या वेळीही पहिल्या वेळेइतकेच उसळते. आयर्लंडमधल्या 2018 सालच्या एका अभ्यासात नव्या अनुभवांना मोकळेपणाने सामोरे जाणाऱ्या लोकांचे शरीर असे जुळवून घेण्यात सरस ठरले.

ही चढण आणि उतरण समोर ठेवून तुमच्या घराकडे पाहू.

भाऊजींचे शिखर उंच आहे, हे सांगायला यंत्र नको. प्रश्न उतरणीचा आहे, आणि ती दहा मिनिटांत होते असे तुम्ही चहावरून ठरवले आहे. न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी 2024 साली 280 निरोगी तरुण माणसांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात काहींना आठ मिनिटे संतापाची एखादी जुनी आठवण मनात जागवायला सांगितली होती, आणि त्यांच्या रक्तवाहिन्यांची गरजेनुसार सैलावण्याची क्षमता त्यानंतर 40 मिनिटांपर्यंत मंदावलेली आढळली. दुःख किंवा काळजी जागवलेल्यांत तसा ठळक परिणाम दिसला नाही. तेव्हा कपबशी हातात आली म्हणून भाऊजींच्या रक्तवाहिन्या सैल झाल्या असे समजू नये. आणि दिवसात चार-पाचदा ओरडणे होत असेल, तर एक उतरण पुरी होण्याआधी दुसरी चढण सुरू होत असणार. आणखी एक गोष्ट त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितो. 52 देशांतल्या हृदयविकाराच्या पहिल्या झटक्याच्या रुग्णांचा जो इंटरहार्ट नावाचा प्रचंड अभ्यास झाला, त्याच्या माहितीवरून 2016 साली असे दिसले की झटक्याच्या आधीच्या एका तासात तीव्र राग किंवा मनस्ताप झालेला असण्याने धोका दुपटीहून अधिक वाढतो, आणि त्याच तासात जड श्रमही झाले असतील तर सुमारे तिप्पट होतो. कोणत्याही एका तासातला मूळ धोका अगदी लहान असतो, त्यामुळे प्रत्येक भांडणाला घाबरून राहण्याचे कारण नाही. परंतु हमालांवर तापून, त्याच तिरीमिरीत स्वतःच पोत्याला हात घालणे ही भाऊजींची सवय असेल, तर ती त्यांनी सोडावी.

यजमानांचे दुखणे निराळे आहे. त्यांचे शिखर कदाचित उंच नसेल, पण त्यांना उतरणच नाही. मुख्याध्यापक सोमवारी जे बोलले ते प्रत्यक्षात दोन मिनिटांचे होते. गुरुवारी रात्री अंथरुणात ते पुन्हा ऐकू येते, तेव्हा शरीराला ते नव्याने घडत असल्यासारखेच वाटते. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठातले ब्रॉसखॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली हाच विचार मांडला: प्रत्यक्ष ताणाचे प्रसंग थोडा वेळ टिकतात, पण त्याआधीची काळजी आणि नंतरचे घोळवणे शरीराला तासन्‌तास सज्ज ठेवते. झोपेत निरोगी माणसाचा रक्तदाब दिवसाच्या मानाने 10 ते 20 टक्क्यांनी उतरतो, आणि ही रात्रीची विश्रांती हृदयाला फार मोलाची असते. चार रात्री कूस बदलण्यात गेल्या तर ती विश्रांती बुडते. नेदरलँड्समधल्याच योहान डेनोलेट यांनी उदासीकडे कल असूनही ती कोणाला कळू न देणाऱ्या माणसांना ‘टाइप डी’ म्हटले. त्यांच्या सुरुवातीच्या अभ्यासांत अशा हृदयरुग्णांची वाटचाल वाईट दिसली, नंतरच्या मोठ्या अभ्यासांत तो परिणाम बराच फिका पडला. म्हणून यजमानांच्या कपाळी तो शिक्का मारू नये, एवढेच म्हणतो.

मग त्यांनी ओरडायला शिकावे का? नाही. राग बाहेर काढला की तो ओसरतो, ही समजूत आपण प्रेशर कुकरच्या शिट्टीवरून घेतली असावी. 154 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2024 साली प्रसिद्ध झाला, त्यात राग मोकळा करण्याच्या उपायांनी राग कमी होतो याला आधार मिळाला नाही. शरीराची उत्तेजना खाली आणणाऱ्या गोष्टींनी, म्हणजे संथ श्वसन, ध्यान, योगासने, स्नायू क्रमाने सैल सोडणे यांनी मात्र तो कमी झाला. यजमानांना आवाज चढवायला लावलेत, तर उतरण नसलेल्या माणसाला तुम्ही शिखर तेवढे मिळवून द्याल, आणि तुमच्या जाऊबाईंचा अनुभव तुमच्याही वाट्याला येईल. त्यांना गरज आहे ती बोलण्याची, आणि ओरडणे व बोलणे यांत फार अंतर आहे. जी गोष्ट लागली ती ज्याची त्याला, दुसऱ्या दिवशी, साध्या आवाजात सांगणे हे शिकता येते. ते जमत नसेल तेव्हा रात्री झोपण्याच्या तासभर आधी ती वहीत लिहून ठेवावी, तिच्याखाली उद्या करायची एकच कृती लिहावी आणि वही मिटावी. मनात चक्र सुरू झालेच तर लक्ष पूर्णपणे गुंतवील असे काहीतरी हाती घ्यावे. राग आल्यानंतर ज्यांचे लक्ष दुसरीकडे वेधले गेले त्यांचा रक्तदाब लवकर खाली आला, हे प्रयोगांत दिसलेले आहे. ‘विचार करू नका’ असे त्यांना सांगणे मात्र तुम्ही आजपासून थांबवावे. त्याने कोणाचाही विचार थांबल्याचे ऐकिवात नाही.

स्वभाव बदलत नाही, असे तुम्ही म्हणाल. तो मुळातून बदलायची गरजही नाही. फ्रीडमन यांनीच पुढे झटका येऊन गेलेल्या 862 रुग्णांवर प्रयोग केला: काहींना आहार-व्यायामाचा नेहमीचा सल्ला दिला आणि काहींना त्याबरोबर घाई व चिडचिड कमी करण्याचे दीर्घ प्रशिक्षण. 1986 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार साडेचार वर्षांत पहिल्या गटात 21.2 टक्के आणि दुसऱ्या गटात 12.9 टक्के रुग्णांना पुन्हा झटका आला. स्वीडनमध्ये 362 हृदयरुग्णांपैकी निम्म्यांना वर्षभर गटात बसवून ताण हाताळायला शिकवले, आणि 2011 साली कळले की त्यांच्यात पुन्हा त्रास होण्याचे प्रमाण 41 टक्क्यांनी कमी होते. भारतात योगावर आधारित मोठा प्रयोग 24 रुग्णालयांतल्या 3,959 रुग्णांवर झाला. त्यात पुन्हा झटका येणे किंवा मृत्यू यांत निश्चित म्हणावी अशी घट दिसली नाही, मात्र रुग्णांना आपली प्रकृती अधिक बरी वाटली. हे सगळे आधीच हृदयविकार झालेले रुग्ण होते. निरोगी माणसाला तेवढाच लाभ होईल, असे त्यावरून म्हणता येणार नाही. आणि या प्रत्येक प्रयोगात औषधे चालूच होती, हे कोणी विसरू नये.

आता 152/94 या आकड्याकडे येतो. शिबिरातला एकच आकडा निदानाला पुरत नाही, कारण रांगेत उभे राहून, सहकाऱ्यांशी बोलत, चहा घेऊन लगेच मोजलेला रक्तदाब बराच चढा येऊ शकतो, आणि डॉक्टरांचा पांढरा कोट पाहूनच चढणारी माणसे कमी नाहीत. उलट दवाखान्यात ठीक असणारा आणि घरी किंवा कामावर चढणारा रक्तदाबही असतो. दुकानात भाऊजींच्या बाबतीत तसे होत असेल तर ते कोणाच्या ध्यानातही यायचे नाही. तेव्हा दंडावर पट्टा बांधायचे, विजेरीवर चालणारे एक यंत्र घरात घ्यावे. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू आणि श्रम टाळावेत. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, हात हृदयाच्या पातळीवर येईल असा टेबलावर ठेवून पाच मिनिटे न बोलता बसावे, आणि मग एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. सकाळी आणि संध्याकाळी असे सात दिवस करून पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यावेत व उरलेल्यांची सरासरी काढावी. ती 135/85 किंवा त्याहून अधिक आली, तर यजमानांचा स्वभाव कसाही असला तरी तो उच्च रक्तदाबच आहे, आणि त्याची गोळी डॉक्टरांनी सुरू केली तर ती ‘टेन्शन कमी झाले’ म्हणून परस्पर बंद करता येत नाही.

दोघा भावांची रक्तातली साखर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी ही तपासणी वेगळ्या कारणासाठी हवी. वडिलांना किंवा भावाला 55 वर्षांच्या आत झटका आलेला असणे हा वैद्यकात स्वतंत्र धोका मानला जातो, आणि तो मुलांपैकी मवाळाला आणि तापटाला सारखाच लागू आहे. दक्षिण आशियात हा रोग लवकर येतो. इंटरहार्टमध्ये आपल्या उपखंडातल्या निम्म्या रुग्णांना पहिला झटका 53 वर्षांच्या आत आला होता. इतर देशांत तेच वय सुमारे 59 होते. भाऊजी तंबाखू खात किंवा ओढत असतील, तर राग आवरण्याच्या आधी ती सोडावी. आवाज चढवला तरी चालेल, एवढी सवलत मी त्यांना तात्पुरती देतो. जाऊबाईंची मी क्षमा मागतो. दोघांनीही रोज अर्धा तास दम लागेल इतके भरभर चालावे. त्याने वजनापेक्षाही उतरण सुधारते: सराव असलेल्या हृदयाचे ठोके श्रमांनंतर लवकर खाली येतात.

आणि आता तुम्ही. तुमच्याबद्दलची चार वाक्ये पत्राच्या अगदी शेवटी आहेत, आणि मला सर्वांत जास्त वेळ त्यांनी थांबवले.

तणावात काही न होणे म्हणजे हृदय मजबूत असणे, असे शास्त्रही बरीच वर्षे समजत होते. ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅमचे डग्लस कॅरोल आणि त्यांचे सहकारी यांनी ती समजूत हलवली. त्यांना आढळले की खिन्नतेची लक्षणे असलेल्या माणसांचा तणावाला मिळणारा शारीरिक प्रतिसाद अनेकदा इतरांपेक्षा कमी असतो. नेदरलँड्समध्ये 1944-45 च्या दुष्काळाच्या सुमारास जन्मलेल्या लोकांचा जो प्रसिद्ध पाठपुरावा चालू आहे, त्यातल्या काहींची परीक्षा घेऊन 2013 साली असेच काहीसे दिसले: ज्यांचा स्वभाव काळजीखोर आणि चटकन खचणारा, त्यांचे हृदय आणि कॉर्टिसॉल ताणाच्या वेळी जास्त नव्हे, तर कमी हलले. कमी प्रतिसाद हा नेहमी शांततेचा पुरावा नसतो. कधी कधी तो थकल्याचा असतो.

तुम्हाला उदासी आहे असे मी पत्रावरून ठरवू शकत नाही, आणि ठरवणारही नाही. तुमच्या पत्रात ‘पूर्वी’ आणि ‘हल्ली’ हे शब्द आहेत, एवढेच मी पाहतो. जन्मतःच थंड प्रकृतीची माणसे असतात आणि त्यात काळजीचे काही नाही. पण तुमच्यात हा बदल झाला आहे. पूर्वी धडधडणारी छाती आता धडधडत नाही, याबरोबरच पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी आता आवडेनाशा झाल्या आहेत का? पहाटे लवकर जाग येऊन पुन्हा झोप लागत नाही का? जेवण बेचव लागते का, सणावारी कपडे काढून ठेवताना ‘कशाला’ असे वाटते का? यातले काही दोन आठवड्यांहून अधिक काळ चालू असेल, तर ते डॉक्टरांना सांगावे. घरातल्यांसमोर बोलणे अवघड वाटत असेल तर सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक आहे. तिथे मराठीत बोलता येते. रक्तातील हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासून घ्यावे, कारण तुमच्यासारखी तक्रार घेऊन येणाऱ्या कित्येक स्त्रियांत दोष तिथे निघतो. मशेरी लावत असाल तर तीही तंबाखूच आहे. आणि बायकांच्या हृदयाचे दुखणे छातीच्या कळेऐवजी धाप, मळमळ, घाम किंवा जबड्यात-पाठीत भरून येणे अशा रूपांतही येते, म्हणून असे काही अचानक झाले तर ‘मी दगड आहे’ म्हणत बसू नये. 108 ला फोन करावा. हे अर्थात घरातल्या सर्वांनाच लागू आहे.

यंत्र आल्यावर एका वहीत चार रकाने आखावेत: यजमान, भाऊजी, जाऊबाई आणि तुम्ही. भाऊजी ‘मला काय धाड भरली आहे’ म्हणतील. त्यांना सकाळी दुकानाची वेळ होण्याआधी, आंघोळ झाल्यावर बसवावे, तेव्हा ते त्यातल्या त्यात नरम असतात असे तुम्हीच मूळ पत्रात लिहिले आहे. सात दिवसांची वही घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा, आणि ते घराण्याचा इतिहास विचारतील तेव्हा सासऱ्यांच्या रागाआधी त्यांचे वय आणि दोन बंडल बिड्या सांगा.